रामसजीवनची रेघ

माझी नोकरी एका वाक्यात सांगते. चांगल्या धडधाकट माणसाला खुर्चीत बसवायचं, त्याच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची आणि त्याचा श्वास अडवायचा. याबद्दल सरकारने मला तेहतीस वर्षं पगार दिला आणि आता पेन्शन देतंय. भंडाऱ्याच्या माझ्या आत्याला हे शेवटपर्यंत पटलं नाही. दर उन्हाळ्यात ती विचारायची, "काहून वो, गुन्हेगार असतात का ते?"

गुन्हेगार कसले, बिचारे स्वखुशीने यायचे. लखनौच्या एका सरकारी संस्थेत शरीरक्रियाशास्त्राची प्रयोगशाळा होती, तिथे मी तंत्रसहायक. ह्यांची पोस्टखात्यातली बदली इकडे झाली, पाठोपाठ मी आले, आणि 'दोनेक वर्षांत परत जाऊ' म्हणता म्हणता सरोजिनी नगरात घर झालं. संपादकांनी सांगितलं, नोकरीतले अनुभव लिहा. मी म्हटलं, सगळे लिहिले तर तुमचा अंक फुगेल. एकच लिहिते. पण तो आठवला की अजून माझ्या अंगात वारं शिरतं, तेव्हा भराभर लिहिलं गेलं तर सांभाळून घ्या.

आधी धंदा समजून घ्या. श्वास घ्यायला बळ लागतं हे आपल्या ध्यानीमनीही नसतं. बरगड्यांच्या खाली पडद्यासारखा एक स्नायू आहे, तो जन्मभर बिनतक्रार ओढत असतो. आता चौकातली दाट मलईची लस्सी बारीक स्ट्रॉने प्यायचा प्रयत्न करा. तसा प्रत्येक श्वास घ्यावा लागला तर? आमची झडप तेच करायची. सोडताना मोकळं, घेताना अडसर. काही मिनिटांत तो स्नायू थकतो आणि ओरडा करतो, मला रक्त द्या. मग शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं आणि तिकडचं रक्त इकडे वळवतं. घरात अवचित पाहुणे आले की पोरांच्या वाटीतली भाजी कमी होते, तसंच. आणि या आवळण्याने ब्लड प्रेशर चढतं. ते किती चढतं, कुणाचं चढतं, हे मोजणं म्हणजे आमचं काम.

मी लागले तेव्हा सगळा मामला हातानेच होता. खुर्चीसमोर काचेच्या वाकड्या नळीत लाल पाणी असायचं. श्वास ओढला की ते चढायचं. काचेवर चिकटपट्टीची खूण होती आणि प्रत्येक श्वासाला पाणी त्या खुणेला टेकलं पाहिजे. मी दर मिनिटाला दंडावर पट्टा आवळून प्रेशर घ्यायची, आलेखाच्या कागदावर ठिपका द्यायची आणि शेवटी ठिपके पेन्सिलीने जोडायची. ही त्या माणसाची रेघ. पुढे कॉम्प्युटर आला, बोटाला लहानसा पट्टा लावला की प्रत्येक ठोक्याचं प्रेशर पडद्यावर दिसू लागलं, पण आम्ही तिला रेघच म्हणत राहिलो.

आमचे प्रमुख दामले सर. पुण्याचे डॉक्टर, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठे, पण डॉक्टरांची निवृत्ती पासष्टला, म्हणून माझ्या शेवटच्या दिवसापर्यंत प्रमुख तेच. कामात एवढे काटेकोर की चहातली साखरसुद्धा सपाट चमच्याने घेत. त्यांचा एक नियम होता, 'आधी आपण'. दुसऱ्याला खुर्चीत बसवण्यापूर्वी रोज सकाळी आपल्यापैकी कुणीतरी बसायचं, म्हणजे यंत्र नीट आहे का ते कळतं आणि समोरच्याला काय होणार तेही. पहिल्या आठवड्यात मी बसले. माझं काही जमलं नाही. सर म्हणाले, "मेश्रामबाई, तुम्ही गालाने ओढताय." मग ते काम आमच्या अटेंडंटकडे गेलं, रामसजीवन भैयांकडे. ते चिनहटहून सायकल मारत यायचे. त्यांची रेघ पहिल्याच दिवशी अशी सुरेख चढली की सरांनी तो कागद भिंतीवर लावला. रेघ कशी असावी, तर अशी. पुढे त्याला प्लास्टिकचं आवरण आलं, रंगकाम झालं तेव्हा तो उतरवून पुन्हा लावला गेला. कोणी नवीन विद्यार्थी आला की मी आधी भिंतीकडे बोट दाखवायची.

गालाने ओढणं म्हणजे काय, तेही सांगते. छातीचा जोर न लावता नुसते गाल आत घेऊन चूस मारली तरी पाणी खुणेला टेकतं. पाणी चढलं, पण छातीचा स्नायू आरामात. मग तो थकणार कशाला आणि प्रेशर चढणार कशाला? असं कुणी केलं की रेघ सपाट यायची. अशा नावापुढे मी रजिस्टरात 'गा.' लिहायची. 'गा.' म्हणजे गालाने. 'गा.'वाल्यांची माहिती हिशेबातून बाद. रजिस्टर चाळलं तर 'गा.' बहुतेक बायकांच्याच नावापुढे दिसायचं. आम्ही काय म्हणायचो? बायकांना जोर लावायची सवय नसते. आणि हे मीही म्हणायची, जी रोज दोन मजले पाण्याच्या बादल्या चढवून कामाला यायची.

गिऱ्हाइकं एकेक नग. एक पहलवान आले होते, मान माझ्या मांडीएवढी. म्हणाले, "बहनजी, हम साँस से ट्रक रोक दें." चौथ्या मिनिटाला त्यांनी नाकाचा चिमटा उपटला, उठले आणि थेट व्हरांड्यात जाऊन बसले. "इसमें कुछ है," एवढंच बोलले आणि पुन्हा आत काही आले नाहीत. पण त्यांची चार मिनिटांची रेघ बघावी, रामसजीवनच्या रेघेचा सख्खा भाऊ. एक वकीलसाहेब होते, त्यांना नळी तोंडात ठेवून बोलायचं असायचं. आणि एक होती सरिता.

सरिता नर्सिंगला शिकत होती. काडीसारखी पोरगी, पण पूर्ण वेळ बसली, एकदाही नळी सोडली नाही, डोळे त्या खुणेवर खिळलेले. रेघ मात्र जमिनीला चिकटलेली. मी 'गा.' लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती विसरलेली छत्री न्यायला आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "दीदी, कल से पसलियाँ बहुत दुख रही हैं. करवट नहीं ली जाती."

बरगड्या म्हणे! मी हसले. "पसलियाँ? गाल दुख रहे होंगे," मी म्हटलं. रामसजीवन भैयाही हसले. ती हसली नाही. छत्री घेऊन गेली.

एवढंच झालं. वर्षं गेली. मी ते विसरलेही.

माझ्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं तेव्हा फरहीन आमच्याकडे पीएच.डी.चं शेवटचं काम करत होती. लखनौच्या जुन्या चौक भागातली मुलगी, आवाज मऊ पण मान ताठ. तिचा विषय हाच, अडसराचा श्वास, निम्मे मुलगे आणि निम्म्या मुली. मुलग्यांच्या रेघा चढल्या. मुलींच्या एकजात खाली. ती रोज नव्या मुलीला बसवायची, आणि रोज संध्याकाळी मी तिच्याकडे बघून मान हलवायची.

सरांनी बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, "मुलींचा भाग काढून टाक. टेक्निक खराब आहे. फक्त पुरुषांवर लिही." बोलणं सोपं होतं. पण निम्मी माणसं काढली तर प्रबंध उभाच राहत नव्हता. नवीन माणसं बसवायला आणखी वर्ष लागणार, आणि तिची फेलोशिप दोन महिन्यांत संपत होती. मुदतवाढ आधीच एकदा मिळाली होती, दुसरी मिळत नाही. बाराएक दिवसांनी समितीपुढे तिला सगळं मांडायचं होतं. मुली गेल्या की काम गेलं, पाच वर्षं गेली.

ती माझ्याकडे आली. म्हणाली, "मैम, सारी की सारी लड़कियाँ चोर हैं क्या?"

"चोर नहीं बेटा," मी म्हटलं, "आदत नहीं होती. ज़ोर लगाना सिखाना पड़ता है."

"आप तो औरत हैं. आप बैठकर देखिए ना."

हे मला झोंबलं. बत्तीस वर्षांच्या अनुभवाला ही कालची पोर आव्हान देते? म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला. पदर खोचला, चिमटा लावला, बसले खुर्चीत. तीस वर्षांनी बसत होते. पहिली दोन मिनिटं काही वाटलं नाही. मग बरगड्यांच्या खाली आग लागली, कपाळावर घाम आला, पण मी खूण सोडली नाही. संपल्यावर पडद्याकडे पाहिलं. माझी रेघ चढत गेलेली. भिंतीवरच्या रामसजीवनच्या रेघेवर ठेवली तर डोळे मिटून कुणी जुळी म्हणेल.

"देख लो," मी फरहीनला म्हटलं. "औरत की भी चढ़ती है. खींचो तो चढ़ती है."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. तिने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "जी मैम" म्हणाली आणि लॅपटॉप मिटला. दुपारी ती सरांकडे जाऊन सांगून आली की मुलींचा भाग काढते. रामसजीवन भैयांनी तिच्यासमोर चहा ठेवला, तो तसाच गार झाला.

संध्याकाळी शेअर ऑटोत बसले. नादरगंजच्या वळणावर दांडी धरायला हात वर केला आणि बरगड्यांत अशी कळ आली की तोंडातून 'अगं आई' निघालं. शेजारच्या बाईने विचारलं, "गिर गई थीं क्या?" घरी आले तर वाकून चप्पल काढता येईना. माझी मुलगी मैत्री, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीत. गरम पाण्याची पिशवी देताना म्हणाली, "मम्मी, इस उम्र में कुश्ती लड़नी ज़रूरी थी? कहाँ दुख रहा है?"

"पसलियाँ," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला ओळखीचा वाटला.

करवट नहीं ली जाती. छत्री न्यायला आलेली ती काडीसारखी मुलगी दारात दिसायला लागली. गालाने ओढणाऱ्याचे गाल दुखले पाहिजेत. माझे गाल ठणठणीत होते. आणि मी काही गालाने ओढलं नव्हतं, जीव खाऊन छातीने ओढलं होतं, म्हणून फासळ्या दुखत होत्या. मग सरिताच्या का दुखल्या होत्या?

आणि मग दुसरं आठवलं. नोकरीचा पहिला आठवडा. सर म्हणाले होते गालाने ओढताय, आणि त्यानंतर दोन दिवस मला बादली उचलता येत नव्हती. सासूबाई म्हणाल्या होत्या, काय वो, काम झेपत नाही का. मी तेव्हा सरांना सांगितलंही होतं, सर, मी ओढलं होतं, फासळ्या दुखतात. सर म्हणाले, सवय नाही म्हणून. मी नवी, नोकरी कच्ची, समोर डॉक्टर. मी मान हलवली आणि माझ्या हाताने, माझ्या नावापुढे 'गा.' लिहिलं. नंतर इतकी वर्षं ते खरं मानून चालले. स्वतःच्या फासळ्यांवर विश्वास ठेवला नाही, म्हणून पुढे कुणाच्याच ठेवला नाही. हे लिहितानाही मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी पोचले. स्टोअरच्या कपाटात अगदी खालच्या खणात पहिली रजिस्टरं होती. धुळीने शिंका येत होत्या आणि प्रत्येक शिंकेला फासळ्या बोंबलत होत्या. कागद सापडला. 'श्रीमती मेश्राम', वय सत्तावीस, आणि एक सपाट, गुमान पडलेली रेघ. पुढे माझ्याच अक्षरात 'गा.'. पाण्याची खूण तीच, झडप त्याच मापाची, बाई तीच. कालची रेघ छापून घेतली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. मी जोराने हाक मारली, "फरहीन!"

ती धावत आली. दोन कागद पाहिले. मग विचारलं, "मैम, तब आपकी उम्र क्या थी?"

"लिखा है ना. सत्ताईस."

"और अब उनसठ." तिने रामसजीवन भैयांकडे पाहिलं. ते शहाणे, चहाची किटली उचलून बाहेर गेले. मग तिने हळू आवाजात विचारलं, पाळी जाऊन किती वर्षं झाली. मी म्हटलं, आठेक.

झालं. त्या मुलीचा चेहरा असा उजळला की मी तो कधी विसरणार नाही. भराभर सांगायला लागली, अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी. तरुणपणी बाईच्या अंगातले हार्मोन रक्तवाहिन्यांना फार आवळू देत नसावेत. स्नायू थकतो, ओरडतो, पण हातापायांवर तेवढी सक्ती होत नाही, म्हणून प्रेशर तेवढं चढत नाही. पाळी गेली की हा सांभाळ कमी होत जातो आणि बाईची रेघ पुरुषासारखी चढू लागते. दुसऱ्या देशांतही काहींच्या हे लक्षात आलं होतं, तिने वाचलं होतं, पण आमच्या प्रयोगशाळेत बोलायची हिंमत झाली नव्हती, कारण भिंतीवर रामसजीवन भैया होते.

"मैम, आप कल भी सही थीं," ती म्हणाली, "और तब भी सही थीं."

मला रडू आलं. साठीला आलेली बाई, स्टोअरमधल्या स्टुलावर बसून रडत होते.

मग मी दोन्ही कागद घेऊन सरांच्या खोलीत गेले. फरहीन मागे. सरांनी चष्मा चढवला, पाहिलं, आणि अपेक्षेप्रमाणे म्हणाले, "एका बाईच्या दोन रेघांनी काही सिद्ध होत नाही, मेश्रामबाई. तेव्हा तुम्ही गालानेच ओढलं नसेल कशावरून?"

"फासळ्या दुखल्या होत्या, सर. तुम्हाला सांगितलं होतं."

"दुखणं मोजता येत नाही."

बत्तीस वर्षांत मी सरांपुढे आवाज चढवला नव्हता. त्यांनीच खटपट करून मला कायम केलं होतं, माझ्या बाळंतपणात रजेसाठी वर भांडले होते, हे सगळं मला माहीत होतं. तरी माझा आवाज चढला. "मग मोजा ना, सर. छातीतलं मोजायची नळी आहे आपल्याकडे. इतकी वर्षं आपण बायकांचे गाल मोजले, छाती एकदाही नाही."

ही नळी म्हणजे शेवयांपेक्षा थोडी जाड, टोकाला लहानसा फुगा. नाकातून घालून गिळायची, फुगा अन्ननलिकेत छातीच्या मधोमध राहतो आणि छाती किती जोराने ओढते ते थेट सांगतो. गालाची चलाखी तिथे चालत नाही. परवानगी फरहीनच्या कागदांत पहिल्यापासून होती. पण गिळताना उमासे येतात, वेळ जातो, मुली घाबरतात, म्हणून सर टाळत आले होते. पुरुषांना तर गरजच नव्हती, त्यांची रेघ चढलेलीच असायची.

सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. समितीला दहा दिवस होते. "उद्या सकाळी," ते म्हणाले. "उपाशीपोटी. आधी कोण?"

"आधी आपण," फरहीन म्हणाली.

त्या सकाळी आम्हा सगळ्यांना जणू परीक्षेला बसायचं होतं. सरांनी स्वतः नळी घातली. मी पाण्याचा पेला धरला, घोट घोट घेत तिला ती गिळायची होती. डोळ्यांतून धारा, दोनदा उमासा, मी म्हणत होते, "बस बेटा, एक घूँट और." तिसऱ्यांदा नळी उतरली. चिमटा लावला. झडप बसवली. श्वासाचा ताल देणारा मेट्रोनोम टकटक करू लागला.

पडद्यावर दोन रेघा. खालची छातीची, वरची प्रेशरची. पहिलाच श्वास, आणि खालची रेघ अशी खोल गेली की सर पुढे वाकले. दुसरा तसाच. तिसरा तसाच. पाचव्या मिनिटाला तिची मान थरथरत होती, पण छातीची रेघ रतीभरही उथळ झाली नव्हती. आणि वर प्रेशरची रेघ जेमतेम हललेली. मी सरांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"पुन्हा," ते म्हणाले. "आता रामसजीवन."

रामसजीवन भैयांनी नळी गिळली, कुरकुर न करता. त्यांची छाती फरहीनएवढीच खोल ओढत होती, आणि प्रेशर नेहमीसारखं डौलात चढलं. पुढच्या सहा दिवसांत इतर मुली बसल्या. आधी भ्यायल्या, मग फरहीनने हात धरला की गिळल्या. एकीची रेघ थोडी चढली. एक मुलगी खरोखरच गालाने ओढत होती, नळीने तिला दोन मिनिटांत पकडलं आणि तीच सगळ्यांत जास्त हसली. बाकी सगळ्यांची गोष्ट तीच, छाती पूर्ण ओढते आणि रेघ खालीच. तिसऱ्या मुलीच्या वेळी सरांनी स्टूल ओढलं आणि खाली बसले. दामले सर प्रयोग चालू असताना कधी बसलेले मी पाहिले नव्हते.

रामसजीवन भैया भिंतीवरच्या कागदासमोर उभे राहिले. म्हणाले, "तो दीदी, इतने साल गलती हमारी लाइन की थी?"

"नहीं भैया," मी म्हटलं. "लाइन सही थी. बस, आपकी थी."

समितीच्या दिवशी मी मागच्या खुर्चीवर बसले होते. एकाने विचारलं की या मुलींची माहिती आधी सदोष म्हणून नोंदली गेली होती, ते कसं. फरहीन उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच सर म्हणाले, "दोष मोजणाऱ्यांचा होता. माझा." काम मुलींसकट मंजूर झालं. फरहीनने बाहेर येऊन मला मिठी मारली आणि फासळ्यांतून पुन्हा कळ गेली. म्हटलं, जाऊ दे, आज दुखू दे.

निवृत्तीआधीचे माझे शेवटचे महिने रजिस्टरांत गेले. आमच्याकडे खोडरबर चालत नाही. चुकीच्या नोंदीवर एक आडवी रेघ मारायची, बाजूला दुरुस्ती लिहायची, सही करायची. मी एकेक 'गा.' शोधून आडवी रेघ मारली आणि लिहिलं, 'ठरवता येत नाही'. कारण खरंच कोण गालाने ओढत होती ते आता कळायला मार्ग नाही. त्या बायकांचं खरं आम्ही तेव्हाच हरवलं. माझा स्वतःचा कागद आला तेव्हा सर शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं. 'गा.'वर रेघ मारली, बाजूला 'बरोबर' असं लिहिलं आणि सही केली. मग पेन परत दिलं आणि चहा सांगायला गेले. भिंतीवर आता दोन कागद आहेत, रामसजीवनचा आणि फरहीनचा.

सरिताचं नाव आलं तेव्हा मात्र माझा हात थांबला. नुसती सही करून भागणार नाही असं वाटलं. नर्सिंगवाल्यांत ओळखी काढल्या. ती इथेच, एका इस्पितळात सिस्टर इन्चार्ज आहे असं कळलं. निवृत्तीनंतर पहिलं काम हेच केलं. वॉर्डबाहेर भेटली. अंग भरलंय, चष्मा लागलाय, केस माझ्याहून काळे. मी आठवण दिली, खुर्ची, लाल पाणी, नाकाचा चिमटा. तिला आठवत होतं. मग मी सगळं सांगितलं, नळी, फरहीन, माझी रेघ. म्हटलं, तू छातीनेच ओढलं असशील. मी चुकीचं लिहिलं होतं. खोडून आले.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. आतून कुणीतरी सिस्टर म्हणून हाक मारली, तिने हातानेच थांब म्हटलं.

"हमने तो उसी दिन कहा था, दीदी," ती म्हणाली. "आप हँस दी थीं."